कापूरची आयाळ

बापूसाहेब निगड्यांनी घोड्याच्या मानेवरची झूल जरा बाजूला सारली आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

"गेनबा, हे काय?"

दसऱ्याची दुपार. अख्खं गाव खंडोबाच्या देवळापुढं जमलेलं, आपट्याची पानं हातात, वाजंत्री वाजत होती. बापूसाहेबांचा आवाज चढला तशी ती बंद पडली. झुलीखाली आमच्या कापूरची मान उघडी पडली होती. पांढरीशुभ्र आयाळ होती त्याची, खांद्याच्या खाली लोंबायची. आता कानामागं एक बट, मध्ये चार केस, बाकी नुसती गुलाबी कातडी.

दादा, म्हणजे माझे वडील, लगाम धरून उभे होते. त्यांना मोतीबिंदू झालेला, माणूस आवाजावरून ओळखायचे. ते मान खाली घालून लगाम चाचपत राहिले, म्हणून मीच पुढं झाले.

"खाज सुटलीय त्याला, बापूसाहेब. भादव्यातल्या माश्या. खांबाला मान घासतोय सारखा."

"तुला विचारलं न्हाय, वैजे."

मला विचारलं नव्हतं, खरंय. पण मला न विचारता कुणी गप्प बसवलेलं मला तेव्हाही चालत नव्हतं आणि आता साठी उलटली तरी चालत नाही. म्हटलं, "घोड्याचं सगळं मी बघते, मग दुसऱ्या कुणाला विचारणार?"

कापूर देवाचा घोडा. त्याच्यावर कुणी बसायचं नाही. वर्षातून दोनदा, दसऱ्याला आणि चंपाषष्ठीला, देवाची वस्त्रं त्याच्या पाठीवर ठेवायची आणि त्यानं गावाला फेरी घालायची. त्याला सांभाळायचा मान आमच्या घराचा, दादांच्या आजोबांपासून. बापूसाहेब देवस्थानचे पंच. वाईट माणूस नव्हते, पण देवाच्या बाबतीत सुईच्या टोकाएवढीही सवलत द्यायचे नाहीत.

"मूर्तीला चीर गेली तर आपण ती पुजत न्हाय, पाण्यात सोडतो," ते गावाला ऐकू जाईल असं म्हणाले. "घोडा खंडित झालाय. आज दुसरी सोय न्हाय म्हणून जाऊ द्या. चंपाषष्ठीपर्यंत आयाळ आली तर आली. न्हायतर ह्याला बाजार दाखवायचा. दुसरा घोडा आणू, आन् तो शिरपतच्या दारात बांधू."

गुरवांचा शिरपत बाजूलाच उभा होता, हाताची घडी घालून. त्याच्या तोंडावर मला हसू दिसलं. होतं की नव्हतं, देव जाणे. मला दिसलं.

बारा वर्षांचा, पाठीवर कधी माणूस न घेतलेला घोडा बाजारात कोण घेतो? वीटभट्टीवाला. आणि कापूर वीटभट्टीवर गेला असता तर दादा त्या वर्षातच गेले असते, हे मला तेव्हाच कळत होतं. आई गेल्यापासून त्यांचं उठणं, बसणं, बोलणं सगळं त्या घोड्याशी. आंधळ्या डोळ्यांनी भिंत चाचपत जायचे आणि गोठ्यात पोचले की भिंत सोडून सरळ चालायचे.

घरी येता येता मी बोटांवर मोजलं. छप्पन दिवस.

दुसऱ्या दिवसापासून मी पदर खोचला. सकाळी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं मान धुवायची. वाळली की करंजाचं तेल, बोटांच्या पेरांनी, हळूहळू. गोठ्यातल्या खांबाला गोणपाट गुंडाळलं, म्हणजे घासलं तरी लागू नये. लगामाचा पट्टा मानेवर यायचा तिथं माझ्या जुन्या लुगड्याची घडी शिवली. लोखंडी फणी उचलून आढ्यावर टाकली. जी बट उरली होती तिच्या तीन सैलसर वेण्या घातल्या आणि चिंधीनं बांधल्या. कापूर एवढा समजूतदार की मान खाली करून उभा राहायचा, तेल लावून घेणाऱ्या पोरीसारखा.

दादा ओट्यावरून विचारायचे, "आली का गं?"

"अहो, काल तर लावलं! मेथी पेरलीय का?"

माझ्या दंडावर एक ताईत असायचा. तेलाच्या हातांनी त्याचा लाल दोरा काळाकुट्ट झाला होता. तो दादांनीच बांधलेला, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा सासरी माझं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि महिन्याभरानं सासऱ्यांनी मला पेटीसकट एसटीत बसवून दिलं. "बाळंतपण तिकडंच निस्तरा" म्हणाले, जसं काही निस्तरायला काही उरलं होतं. मी माहेरी येऊन पडले ती आठ दिवस उठले नाही, भाकरीचा तुकडा तोंडात घेतला नाही. नवव्या दिवशी दादांनी हा ताईत आणून बांधला. तांब्याची पेटी, चांगली अंगठ्याएवढी जाड. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. म्हटलंसुद्धा, "एवढा मोठा? आत अंगारा आहे का चुलीतली सगळी राख?" दादा म्हणाले, "गुरवाकडचा अंगारा हाय. माझ्यासाठी बांध." म्हणून बांधला. त्या दिवशी मी हसले, आणि संध्याकाळी उठून गोठा झाडला. तेव्हापासून गोठा माझाच झाला.

तीन आठवडे गेले. मानेवर मऊ लव आली. मला नाचावंसं वाटलं. पण चौथ्या आठवड्यात वेण्या सोडून बघते तर मधली वेणी निम्मी झालेली. चिंधी वेगळ्याच गाठीनं बांधलेली. माझी गाठ मला कळत नाही का?

तालुक्याहून जनावरांचे डॉक्टर सबनीस लशी टोचायला आले होते, त्यांना ओढूनच घरी आणलं. त्यांनी भिंग काढलं, मान बोटांनी दाबून पाहिली, शेपटी पाहिली.

"कोण म्हणालं खाज आहे?"

"मीच."

"कोंडा नाही, उवा नाहीत, कातडी स्वच्छ. बाई, घासून गेलेला केस मध्येच तुटतो, खाली खुंट राहतात. इथं खुंट कुठंयत? हे केस मुळासकट ओढलेत. एकेक करून."

"कुणी?"

"ते मी कसं सांगू? आणि हा बघा, खांद्याजवळचा चट्टा. हा जुना आहे, दोनेक वर्षांचा असेल. इथले मूठभर एकदम ओढलेत, कातडीला इजा झालीय. इथं यायला फार वेळ लागेल."

तो चट्टा मला ठाऊक होता. माहेरी येऊन गोठा झाडायला लागले तेव्हाच पाहिला होता. मला वाटलेलं, कापूर बाभळीच्या कुंपणात अडकला असेल.

डॉक्टर गेले आणि मी तशीच तेलकट हातांनी हौदावर गेले. शिरपत तिथं बैलांना पाणी पाजत होता. पाणी भरायला आलेल्या पाचपन्नास बायकांसमोर मी त्याला धरला.

"लाज नाही वाटत? मुक्या जनावराचे केस उपटतोस? मान पाहिजे होता तर तोंडानं मागायचा!"

"कुणाचे केस?"

"कापूरचे! डॉक्टरांनी सांगितलंय, उपटलेत म्हणून!"

शिरपतनं बैलांना जरा मागं सारलं. मग म्हणाला, "वैजे, मला घोडा पाहिजे हे खरं हाय. पण टकला घोडा घेऊन मी काय करू? त्याला पागोटं बांधू?"

बायका फिदीफिदी हसल्या. मी तोंडाला येईल ते बोलून घरी आले. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. हसण्याआधी त्या सगळ्या क्षणभर एकदम गप्प झाल्या होत्या आणि कुणी माझ्याकडं बघत नव्हतं.

दादा मला रोज दुपारी जेवणं झाली की ओढ्यावर पाठवायचे. "कापूरला हिरवी हरळी आण. केस येतात त्यानं." मी जायची. दुसऱ्या दिवशी विळा घेऊन निघाले, वळणापर्यंत गेले आणि मागच्या बाजूनं येऊन कडब्याच्या गंजीआड बसले. शिरपत येणार याची मला खात्री होती. विळा हातातच होता.

आली ती बाई. अंगावर पदर ओढून, कडेवर तापानं मलूल झालेलं लेकरू. पदर सरकला तेव्हा ओळखलं. प्रमिला, बापूसाहेबांची सून.

दादा गोठ्याच्या दारातच उभे होते, वाट बघत असल्यासारखे.

"किती म्हैन्यांचं?"

"सात. गोवर गेला, पण ताप हटंना, मामा. दूध ओढत न्हाय."

"नाव नको सांगू. मला कुणाचंच नाव नको." दादांनी कापूरच्या मानेवर हात टेकवला. बोटं चाचपत खाली गेली, माझी चिंधी सोडली, एक केस बोटाला गुंडाळला. "सोस रे राजा," म्हणाले आणि झटका दिला. कापूरच्या कातडीवर शहारा आला. तो हलला नाही. सवय झाली होती त्याला.

प्रमिलानं तो केस लेकराच्या कपाळाला लावला, ताइताच्या पेटीत घातला आणि रडतच मागच्या वाटेनं निघून गेली.

मी उठले. विळा कडब्यावर टाकला.

"दादा."

ते दचकले नाहीत. हात घोड्याच्या मानेवरच होता. "हरळी आणलीस?"

"किती दिलेत आजवर?"

"मोजले न्हाईत. भादव्यात गोवर निघाला तवा रांग लागायची."

"अहो, घोडा बाजारात चाललाय! तुम्हीच त्याला टकला केलात आणि मी खुळ्यागत करंज चोळत बसले!" माझा आवाज फाटला. "त्या शिरपतला चारचौघांत काय काय बोलून आले मी!"

"बोललीस व्हय? त्याला बोलायला नको होतंस."

"मग कुणाला बोलू? केसानं पोरं बरी होतात का कधी?"

"मला काय ठावं?" दादा म्हणाले. "पण बाई येते तवा वाकून येते, आन् जाताना सरळ चालत जाते. पावलावरनं कळतं मला. एक केस मागते गं, वैजे. नाही म्हणता येत न्हाय."

"पहिला कुणाला दिलात? कुणी लावली ही चटक?"

दादांनी खाली वाकून कडबा सारखा केला. "आता आठवत न्हाय."

मग त्यांनी माझा हात शोधून धरला. "एक शपथ घे. बाहेर कुणाचं नाव घ्यायचं न्हाय. आईनं लेकरासाठी लपून केलेलं हाय ते. बापूसाहेबासारखा माणूस सुनेला घरात उभी करणार न्हाय."

"आणि कापूर?"

त्यांनी माझा हात सोडला. मी शपथ घेतली, पण रागानं घेतली. चार दिवस त्यांच्याशी बोलले नाही, ताट नुसतं पुढं सरकवायची. दुपारी गोठ्याच्या दारात बसायला लागले. बायका यायच्या, मला बघून तशाच पुढं निघून जायच्या.

त्यानंतर आयाळ येऊ लागली. रोज अंगठ्यानं मोजायची मी. तांदळाएवढी. मग नखाएवढी. चंपाषष्ठीच्या सकाळी कानापासून पाठीपर्यंत बोटाच्या एका पेराएवढे पांढरे केस ताठ उभे होते, मुंज होऊन महिना झालेल्या पोराच्या डोक्यासारखे. फक्त खांद्याजवळचा चट्टा तसाच कोरा होता.

देवळापुढं भंडाऱ्यानं जमीन पिवळी झाली होती. बापूसाहेबांनी झूल काढायला लावली. मानेवरून हात फिरवला, एकदा वर, एकदा खाली.

"ही आयाळ?"

"पेरभर आलीय," मी म्हटलं. "मुळं जिवंत आहेत. दोन वर्षांत पहिल्यासारखी होईल. डॉक्टरांना विचारा."

"डाक्टरचं मी ऐकलंय. तूच हौदावर सांगितलंस ना, कुणीतरी उपटले म्हणून? कोण ते?"

माझंच तोंड मला आडवं आलं. गाव कान देऊन ऐकत होतं. शिरपत खाली मान घालून उभा.

"मी," दादा म्हणाले.

एकदम कालवा झाला. बापूसाहेबांचा चेहरा लाल झाला. "देवाच्या घोड्याचे केस? इकलेस काय?"

"न्हाय."

"मग कुणाला दिलेस?"

दादांनी नकाराची मान हलवली.

"नाव सांग, गेनबा. ज्यानं मागितले त्याचा गुन्हा. नाव सांग, घोडा तुझ्या दारात ऱ्हाईल. गावासमोर सांगतो."

प्रमिला बायकांच्या घोळक्यात पहिल्याच रांगेत उभी होती, कडेवर लेकरू. ते आता टुणटुणीत होतं, आईच्या मंगळसूत्राशी खेळत होतं. तिनं माझ्याकडं पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. एक शब्द बोलले असते तर कापूर वाचत होता. तो शब्द माझ्या जिभेवर आला होता, खोटं कशाला सांगू? तोंड उघडलंही मी. दादांच्या बोटांनी माझं मनगट दाबलं. मी तोंड मिटलं, आणि त्यांचा असा राग आला की तिथंच त्यांना सोडून चालतं व्हावं.

"मग झालं तर," बापूसाहेब म्हणाले. "खंडित घोडा देवाला चालत न्हाय. शिरपत, दावं घे."

शिरपत पुढं आला. त्यानं दादांच्या हातातून दावं घेतलं. कापूर जागचा हलेना. त्यानं दादांच्या खांद्यावर तोंड टेकवलं. दादांनी त्याचं नाक कुरवाळलं आणि म्हणाले, "जा रे राजा." त्यांचा आवाज ऐकून मला रडू कोसळलं. गावासमोर, मोठ्यानं.

"मामंजी."

सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी प्रमिला भंडाऱ्यातून चालत मधोमध आली. तिनं लेकरू बापूसाहेबांच्या हातात दिलं.

"ह्याच्या गळ्यातला दोरा तोडा आधी."

"काय?"

"त्यात कापूरचा केस हाय. मीच मागून आणला. तुम्ही म्हणता घोडा खंडित हाय. मग खंडित घोड्याचा केस नातवाच्या गळ्यात कशाला ठेवता? तोडा."

बापूसाहेबांचा हात दोऱ्याकडं गेला. दोरा बोटात धरला त्यांनी. लेकरानं त्यांची मिशी पकडली आणि ओढली. तो हात तसाच राहिला. ओढवेना त्यांना. मग त्यांनी मागं बघितलं तर दुसरी एक बाई आपल्या पोरीच्या दंडावर पदर ओढत होती, आणि तिच्यापलीकडं आणखी एक.

बापूसाहेबांनी दोरा सोडला. लेकराच्या अंगरख्याच्या आत सारला, वरून थोपटला.

"वाजंत्रीवाले," ते घसा साफ करून म्हणाले, "बघता काय? वाजवा की!"

येळकोट येळकोट जय मल्हार झाला. भंडारा उधळला. शिरपतनं दावं परत दादांच्या हातात दिलं आणि माझ्याकडं न बघता हळूच म्हणाला, "माझ्या बहिणीच्या पोरीला हाय एक. मला ठावं होतं. बोललो का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या वर्षीपासून दर दिवाळीला फराळाचं पहिलं ताट मी त्याच्या घरी पाठवते.

आयाळ पुरती यायला दोन वर्षं लागली. बायका आल्या की मी सांगायची, घोड्याला हात लावा, नमस्कार करा. केस पाहिजे तर विंचरताना गळालेला देईन, डबीत ठेवलेत. कुणी खळखळ केली तर दोन शब्द ऐकवायची. कापूर नंतर सात वर्षं जगला, आमच्याच दारात. पण मला सांगायचंय ते त्याच संध्याकाळचं.

फेरी झाली, कापूरला वैरण घातली. दिवस कलला होता. मी अंगणात हातापायांवरचा भंडारा धूत बसले होते. दंड चोळताना ताइताचा दोरा तुटला. तेलानं कुजलाच होता तो. पेटी दगडावर आपटली आणि तोंडचं मेण निघालं.

आत अंगारा नव्हता. पांढरे केस होते, गुंडाळून दाबून बसवलेले. मी ओढले तर येतच राहिले, हातभर लांब. एक नव्हे, दोन नव्हे, चांगली करंगळीएवढी जाड बट. टोकाला वाळलेल्या रक्ताचा काळा ठिपका होता.

सगळ्या गावाला त्यांनी एकेक केस दिला होता.

गोठ्यात कापूर कडबा चावत होता. मी तशीच उठून गेले, त्याच्या खांद्याजवळच्या त्या चट्ट्यावर हात ठेवला. माझा पूर्ण तळवा मावला त्यावर. मग बट पुन्हा गुंडाळून पेटीत भरली, वर मेण दाबलं, देव्हाऱ्यातला नवा लाल दोरा घेतला आणि ओट्यावर दादांपुढं जाऊन बसले.

"काय गं? नाक का ओढतेस?"

"काही नाही. दोरा तुटला. बांधून द्या."

त्यांनी पेटी हातात घेतली, अंगठ्यानं मेण चाचपलं. अंगठा तिथं जरा थांबला. मग त्यांनी माझा दंड शोधला, दोरा गुंडाळला आणि गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली.

"घट्ट झाली का गं?" त्यांनी विचारलं.

"होऊ द्या," मी म्हटलं.